अकरावा दाब

धाकटी : आणि तो आवाज बंद करता येतो का?

सर : कुठला, पंख्याचा? तो गेल्या वर्षापासून असाच कण्हतोय. मालकाला सांगून थकलो.

धाकटी : पंख्याचा नाही. ह्या डमीच्या छातीतला. दाबलं की टक् होतं तो.

सर : पाहुण्यांचा? येतो की बंद करता. पाठीत कळ आहे. पण कशाला? दाब पुरेसा खोल गेला की टक्. टक् वाजलं की शाबास. बिचारे दुसरं काही बोलत नाहीत, तेवढं एक तरी बोलू द्या.

धाकटी : बंद करा.

सर : मॅडम, वर्ग संपला. आता पाहुण्यांची आंघोळ चाललीय. स्पिरिटनं तोंड पुसायचं, छाती पुसायची, पिशवीत घालून कपाटात झोपवायचं. तुम्ही आजच्या तुकडीत नव्हता ना?

धाकटी : दुकानदारांच्या तुकडीत होते. तीन महिने झाले. दुसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही म्हणालात, हे पाहुणे बरे, पाय नाहीत, म्हणून निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभे राहत नाहीत.

सर : ते मी सगळ्याच तुकड्यांना म्हणतो.

धाकटी : सगळे हसले होते. मीपण.

सर : थांबा, थांबा. दुकानदारांची तुकडी. चष्म्याचं दुकान? त्या तुम्ही?

धाकटी : हो.

सर : अहो, मग आल्या आल्या नाही का सांगायचं? आणि मी तुम्हाला पंख्याचं गाऱ्हाणं ऐकवतोय. ती खुर्ची घ्या. ती नको, ती डुगडुगते. उद्या तुमचा सत्कार, आणि प्रमुख पाहुणा मी. पाय असलेला. भाषण लिहून ठेवलंय, कधी लिहीत नाही मी. अठरा वर्षं इमर्जन्सीत नर्स म्हणून काढली, त्यातली अकरा हे सीपीआरचे, हृदय बंद पडलं तर छाती दाबायचे वर्ग घेतोय. डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय सोडा, त्यांचं कामच आहे ते. पण घरच्या माणसांपैकी कुणी खरंच खाली बसलं, हात लावला आणि समोरचा उठला, अशा तुम्ही पहिल्या. मी वॉर्डात सांगितलं, घरी सांगितलं. भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं.

धाकटी : तो काय म्हणाला?

सर : म्हणाला, बरं झालं, आणखी काय देऊ?

धाकटी : सर, मला सहा मिनिटं दाबायचंय. आवाज बंद करून.

सर : सहाच का?

धाकटी : फोन लागल्यापासून अँब्युलन्सची माणसं आत येईपर्यंत सहा मिनिटं झाली. त्यांच्या कागदावर लिहिलंय.

सर : ती तर तुम्ही तेव्हाच दाबलीत.

धाकटी : बंद करता ना?

सर : केला. या. गुडघे टेका. अजून जवळ, लाजू नका. तळहाताची टाच छातीच्या मधोमध. दुसरा हात त्यावर. कोपर ताठ. खांदे हाताच्या बरोबर वर. मोठ्यानं मोजा, मी घड्याळ बघतो.

धाकटी : एक. दोन. तीन. चार. पाच.

सर : छान. छाती पूर्ण वर येऊ द्या.

धाकटी : सहा. सात. आठ. नऊ. दहा.

सर : अगदी पुस्तकातल्यासारखं. काय झालं? हात का उचललेत?

धाकटी : दहा झाले.

सर : मग पुढे अकरा. थांबायचं नसतं, मॅडम. बोलायचं असेल तर दाबता दाबता बोला.

धाकटी : अकरा. ह्याच्यावर मोडली.

सर : काय मोडली?

धाकटी : बारा. भाऊजींची फासळी. माझे थोरले दीर. तेरा. खुर्चीत बसून लेन्स घासत होते, तिथून घसरले. चौदा. ताईनं फोन लावला, माझी थोरली जाऊ. मग अँब्युलन्सला हात दाखवायला कोपऱ्यावर पळाली. पंधरा. तुम्ही सांगितलं होतं ना, एकानं दाबायचं, एकानं रस्त्यावर जायचं. सोळा. आत मी एकटी. दहापर्यंत नीट चाललं होतं. सतरा. अकराव्याला टक्.

सर : कोपर वाकतंय.

धाकटी : अठरा. आणि मला काय वाटलं सांगू? शाबास. एकोणीस. तुमच्याच आवाजात ऐकू आलं. टक् वाजलं की शाबास. वीस. एवढ्याशा वेळेपुरती मी खूश झाले, सर. माझ्या दिराचं हाड मोडलं आणि मी खूश. एकवीस. पुढच्या दाबाला हाताखालची छाती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. तेव्हा कळलं. बावीस.

सर : थांबा आता. पाणी घ्या.

धाकटी : तुम्हीच म्हणालात, थांबायचं नसतं. तेवीस. मी थांबले.

सर : केव्हा?

धाकटी : तेव्हाच. बाराव्यानंतर. चोवीस. हात वर घेतले ते घेतलेच. पंचवीस. वाटलं, मी मारतेय ह्यांना. आधी नुसते पडले होते, आता मी हाडं मोडून मारतेय. सव्वीस.

सर : पण अँब्युलन्सवाल्यांनी तर सांगितलं की ते आले तेव्हा तुम्ही दाबत होता.

धाकटी : सत्तावीस. बाहेर गाडीचं दार आपटलं. पायऱ्यांवर बूट वाजले. तेव्हा हात परत ठेवले. अठ्ठावीस. हळूच. मोडलेलं आणखी मोडू नये म्हणून. नुसतं दिसण्यापुरतं. एकोणतीस. त्यांच्यातला एक म्हणाला, छान चाललंय ताई, आता व्हा बाजूला. तीस.

सर : बास. उठा. हे बघा, माझं ऐका. अशा वेळी माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही. आपल्याला वाटतं पाच मिनिटं थांबलो, प्रत्यक्षात पंधरा सेकंद असतात. मी दवाखान्यात शिकलेसवरलेले थिजलेले पाहिलेत. तुम्ही निदान खाली बसलात, सुरुवात केलीत…

धाकटी : हे भाषणातलं आहे का?

सर : …थोडंफार.

धाकटी : चार मिनिटं अडतीस सेकंद. दुकानात कॅमेरा आहे, काउंटरच्या वर. रात्री सगळे दवाखान्यात होते तेव्हा मी दुकान उघडून पाहिलं. तीनदा. मग पुसून टाकलं.

सर : पुसून टाकलं?

धाकटी : दुकानदार संघाच्या अध्यक्षांना ते चित्रण हवं होतं. सत्कारात पडद्यावर दाखवायला. मी सांगितलं, कॅमेरा बंद पडला होता.

सर : चार मिनिटं तुम्ही काय करत होता?

धाकटी : मला आठवत नाही. कॅमेऱ्यात दिसतं ते सांगते. त्यांच्या नाकावरचा चष्मा वाकडा झालाय. मी तो काढते. काउंटरवरचं पिवळं फडकं घेते आणि चष्मा पुसते. आधी उजवी काच, मग डावी. उजेडाकडे धरून बघते. परत पुसते. गिऱ्हाईकाला देताना पुसतो ना, तसा. ते खाली पडलेत, सर, आणि मी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसून चष्मा पुसतेय.

सर : पाणी घ्या. घ्या म्हणतो ना.

धाकटी : मग घडी घालून त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवते. तो दवाखान्यात त्यांच्या कपड्यांबरोबर पिशवीत मिळाला. ताई म्हणाली, बघ, तेवढ्या गडबडीतसुद्धा ह्यांचा चष्मा जपलास.

सर : आता कसे आहेत ते?

धाकटी : चांगले आहेत. जेवतात, चालतात. सकाळी दुकानात येऊन बसतात. लेन्स घासायचं मशीन आम्ही झाकून ठेवलंय, त्याची त्यांना भीती वाटते. अक्षरांचा तक्ता वाचतात. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग परत पहिली. स्वतःच्या मुलीला माझ्या नावानं हाक मारतात. आणि जो येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हिनं मला परत आणलं. सकाळपासून आठ गिऱ्हाइकं आली तर आठ वेळा. तेवढं मात्र बिनचूक लक्षात आहे.

सर : डॉक्टर काय म्हणाले?

धाकटी : मेंदूला काही वेळ रक्त कमी पडलं म्हणाले. ताईनं विचारलं, हिनं तर सारखं दाबलं, मग कमी कसं पडलं? ते म्हणाले, दाबलं तरी थोडं कमी पडतंच. मी तिथेच उभी होते. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. शाबासकीचं. तुम्ही अठरा वर्षं हेच केलंय. मला खरं सांगा. मी थांबले नसते तर ते असे झाले असते का?

सर : नक्की सांगता येत नाही. वय असतं, आधीचा आजार असतो. खूप गोष्टी असतात.

धाकटी : सर.

सर : नक्की खरंच सांगता येत नाही. पण तुम्ही थांबला नसता तर ते आज आहेत त्यापेक्षा बरे असण्याची शक्यता जास्त होती. बरीच जास्त.

धाकटी : बरं.

सर : तुम्ही विचारलंत म्हणून…

धाकटी : बरं झालं सांगितलंत. इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. आता एक काम करा. उद्या येऊ नका. ताप आला म्हणा, ड्यूटी लागली म्हणा. प्रमुख पाहुणाच नाही म्हटल्यावर कार्यक्रम पुढे जाईल, आणि पुढे गेला की लोक विसरतील.

सर : आणि तुम्ही?

धाकटी : मी दुकानात बसेन. नऊ ते आठ. ते बोट दाखवतील, मी हसेन.

सर : मॅडम, मलाही एक सांगायचंय. सांगू की नको हे गेली पाच मिनिटं मी ठरवतोय. ह्या पाहुण्याची छाती मी चारदा पुसली, तुमच्या लक्षात आलं असेल.

धाकटी : सांगा.

सर : दवाखान्यातल्या लोकांचा वर्ग असतो ना, तिथे माझं पहिलंच वाक्य असतं, फासळी मोडेल. मोडली तर आवाज येईल, हाताला कळेल. थांबायचं नाही. हात जागेवर आहेत ना तेवढं बघायचं आणि दाबत राहायचं. हाड जुळतं, माणूस जुळत नाही. हे मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतो.

धाकटी : आम्हाला नाही सांगितलंत.

सर : नाही.

धाकटी : विसरलात?

सर : विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी ते काढून टाकलं. चार वर्षांपूर्वीपर्यंत घरच्या माणसांनाही सांगायचो. मग एका वर्गात एक बाई ते ऐकून उठून गेल्या, मागोमाग त्यांच्या दोन मैत्रिणी. शेवटी भरायचे कागद असतात, त्यांवर लोक लिहायला लागले, भीती वाटली, घाबरवून टाकलं. ज्या संस्थेसाठी वर्ग घेतो त्यांनी बोलावून सांगितलं, जरा हलकंफुलकं ठेवा. मलाही पटलं. म्हटलं, घाबरून हातच न लावण्यापेक्षा बरं. ते वाक्य गाळलं. पण तिथे भोक पडल्यासारखं वाटायचं, लोक एकदम गप्प व्हायचे. म्हणून त्या जागी पाहुण्यांचा विनोद घातला.

धाकटी : पाय नसलेला.

सर : हो.

धाकटी : म्हणजे मी हसले ती ही जागा.

सर : कागदांवर आता सगळे लिहितात, फार मजा आली.

धाकटी : मीपण लिहिलं होतं.

सर : बातमी आली त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, फासळी मोडली असेल का? मोडली तेव्हा ह्या बाईंनी काय केलं असेल? फोन करून विचारणार होतो. केला नाही. भाजीवाल्याला सांगायला वेळ होता, तुम्हाला विचारायला नव्हता.

धाकटी : विचारलं असतंत तरी मी खोटंच सांगितलं असतं.

सर : तरी चूक माझी आहे, मॅडम. थांबलात त्या मिनिटांची.

धाकटी : अर्धी घ्या हवी तर. सगळी नका घेऊ. चष्मा मी पुसला. बुटांचा आवाज ऐकून हात मी ठेवले. ते तुम्ही ना शिकवलंत, ना गाळलंत.

थोरली : इथे आहे होय ही. अगं, दुकानातून फडकं आणायला गेलेली माणसं अशी जिने चढून वर येतात का? नमस्कार सर, ओळखलं नाहीत ना? मी हिची थोरली जाऊ. मीपण होते तुमच्या वर्गात, पण मागे, खिडकीपाशी. ह्यांना शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे बसवून आलेय. त्याला म्हटलं, दहा मिनिटं बघ रे, कागद मोजायला दे त्यांना. खालच्या पानवाल्यानं सांगितलं तुझी जाऊ वर गेलीय, म्हटलं गेली असेल आभार मानायला, हिचं सगळं चोरून असतं.

धाकटी : ताई, बस जरा.

थोरली : बसते, जिना काय कमी आहे का. ती खुर्ची डुगडुगते वाटतं. असू दे. सर, बरं झालं तुम्ही भेटलात, मला उद्याचंच सांगायचं होतं. हिच्याबद्दल भरभरून बोला. ही घरात तोंडातून शब्द काढत नाही. मी कुणाला सांगायला लागले की उठून आत जाते. जेवत नाही धड. मी म्हणते, अगं, मान वर करून चाल, तू चोरी केलीस का?

सर : बाई, माझ्याकडून एक मोठी…

थोरली : नाही, नाही, तुमचे उपकार आहेतच. पण तुम्ही हिला पाहिलं नाहीत त्या दिवशी. मी कोपऱ्यावर उभी, हात हलवतेय, येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करतेय, एक तर दुधाची निघाली. पण मनात एकच, आत ही आहे. ही दाबतेय. म्हणून मी एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. नाहीतर गेले असते हो मी पळत आत.

सर : मॅडम, मी सांगतो. माझं सांगणं आहे ते.

धाकटी : नाही सर. तुमचं तुम्ही नंतर सांगा. ताई, मी दाबत नव्हते.

थोरली : म्हणजे?

धाकटी : बारा वेळा दाबलं. मग त्यांची फासळी मोडली आणि मी थांबले.

थोरली : दमली असशील गं. हात भरून येतात.

धाकटी : दमले नव्हते. घाबरले. थांबले ती अँब्युलन्सची माणसं पायऱ्यांवर येईपर्यंत. मग दिसावं म्हणून हात ठेवले.

थोरली : काय बोलतेस? सर, काय बोलतेय ही?

सर : त्या सांगतायत तसंच आहे. फासळी मोडते हे मी ह्यांना शिकवलंच नव्हतं. मुद्दाम गाळलं होतं.

थोरली : तुम्ही थांबा. तू म्हणालीस कॅमेरा बंद होता.

धाकटी : चालू होता.

थोरली : मी डॉक्टरांना तुझ्यादेखत विचारलं. हिनं सारखं दाबलं तरी असं कसं झालं, म्हणून. तू तिथे माझा हात धरून उभी होतीस.

धाकटी : हो.

थोरली : रोज ते बोट दाखवतात.

धाकटी : हो, ताई.

थोरली : किती वेळ?

धाकटी : उद्याचं मी अध्यक्षांना स्वतः सांगेन. आत्ता जाऊन सांगते. कार्यक्रम नको म्हणून, आणि का नको तेही.

थोरली : ते तुझं तू बघ. किती वेळ थांबलीस, ते विचारतेय.

धाकटी : साडेचार मिनिटं. वर आठ सेकंद.

थोरली : साडेचार म्हणजे फार असतात का हो, सर? मला कळत नाही. दूध उतू जायला तेवढी लागतात. तेवढ्यात काय होतं एवढं?

सर : बाई…

थोरली : ते घड्याळ चालतं का? भिंतीवरचं?

सर : चालतं.

[तिघंही घड्याळाकडे पाहत राहतात. सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारतो.]

थोरली : हे एक झालं?

सर : हो.

धाकटी : ताई, नको ना.

थोरली : बोलू नकोस. मोजतेय मी.